घाटाखाली सिनेमा, घाटावर कादंबरी

पुण्या-मुंबईच्या ऑफिसवाल्यांना पाचगणी-महाबळेश्वरचा वीकएण्ड तोंडपाठ असतो. शनिवारी पहाटे गाडी काढायची, टेबललॅण्डवर फोटो, कुठंतरी स्ट्रॉबेरी क्रीम, आणि रविवारी रात्री ट्रॅफिकमध्ये बसून ‘उद्या मंडे’ म्हणून उसासे टाकायचे. पण याच रस्त्यावर एक भलतीच मजेशीर जोडी आहे. घाटाच्या पायथ्याशी सिनेमावाल्यांचं लाडकं गाव आणि घाट चढून गेलं की पुस्तकांचं गाव. ‘पुस्तक भारी की पिक्चर?’ हा कॅण्टीनमधला सनातन वाद घालायचा असेल, तर यासारखी जागा नाही.

मी वाद घालायला पार्टनरही तगडी नेली होती. माझी ही मैत्रीण डेली सोपची एडिटर आहे. सासूचा चेहरा तीनदा वळवून प्रत्येक वळणावर ‘ढॅण्’ टाकायचं, हे तिचं पोटापाण्याचं काम. तीन वर्षांत एकही कादंबरी पुरी वाचलेली नाही, असं ती स्वतःच सांगते. ‘दिवसभर गोष्टीच कापते गं, घरी जाऊन परत गोष्ट कुठे वाचू?’

पहिला मुक्काम मेणवली, वाईपासून तीनेक किलोमीटरवर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेवरचा दगडी घाट, देवळं आणि पोर्तुगीजांकडून वसईच्या मोहिमेत आलेली भलीथोरली घंटा. तुम्ही इथं कधी आला नसलात तरी हा घाट तुमच्या ओळखीचा आहे. २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये हाच घाट उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाला होता. ‘गंगाजल’ (२००३) आणि ‘दबंग’ (२०१०) यांनीही आपलं बिहार, उत्तर प्रदेश याच वाई परिसरात शोधलं. ज्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा डोंगर उचलला, त्या वाईची आजच्या पब्लिकला ओळख लागते ती अशी.

ही सिनेमाची जादू मला बिनशर्त मान्य आहे. दोन पायऱ्या, एक नदी, योग्य वेळेचा उजेड, की सातारा जिल्हा हिंदी बोलायला लागतो! आम्ही होतो तेव्हाही एक ग्रुप ‘शाहरुख नेमका कुठं बसला होता?’ हे मोबाइलवरच्या सीनशी ताडून पाहत होता. शेजारच्या वाड्यातल्या पेशवेकालीन भित्तिचित्रांकडे मात्र कुणी फिरकलं नाही. जादूची किंमत म्हणायची ती हीच. एकदा कॅमेऱ्यानं दाखवला की घाट सगळ्यांचा सारखाच होतो. त्याच अँगलचा, त्याच उजेडातला.

‘म्हणजे वाईट काय?’ मैत्रीण म्हणाली. ‘हजार माणसं एकाच वेळी एकाच जागी रडतात. हे तुझ्या पुस्तकाला जमतं का?’

उत्तर सुचेना. तोवर पसरणीचा घाट सुरू झाला होता.

पाचगणी ओलांडून महाबळेश्वरच्या दिशेनं पाच-सहा किलोमीटर गेलं की भिलार. ब्रिटनमध्ये वेल्सच्या सीमेवर ‘हे-ऑन-वाय’ नावाचं जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं प्रसिद्ध गाव आहे. त्याच्यावरून कल्पना घेऊन ४ मे २०१७ रोजी राज्य सरकारनं भिलारला ‘पुस्तकांचं गाव’ केलं. (त्यांचं वाय, आपली वाई, योगायोग झकास आहे!) सुरुवात झाली तेव्हा २५ ठिकाणं होती आणि सुमारे १५ हजार पुस्तकं. फरक एवढाच, की तिथं दुकानं आहेत, इथं माणसांची राहती घरं. कुणाच्या हॉलमध्ये कथा-कादंबऱ्या, कुणाकडे कविता, कुणाकडे संतसाहित्य, कुणाकडे इतिहास. बाहेर भिंतीवर चित्र आणि विषयाची पाटी. चपला काढायच्या, आत जायचं, पुस्तक घ्यायचं आणि तिथंच बसून वाचायचं. पैसे नाहीत.

पहिली दहा मिनिटं अवघडल्यासारखं होतं, हे खरं. आपण परक्याच्या घरात बसलोय, आतून फोडणीचा वास येतोय, एक शाळकरी पोरगा दप्तर टाकून आपल्यासमोरून खेळायला पळतोय. मग घरच्या काकू पाण्याचा तांब्या ठेवून ‘बसा निवांत’ म्हणतात आणि खरंच निवांत होतं.

मैत्रिणीनं कपाटातलं सगळ्यात बारीक पुस्तक उचललं. कारण प्रॅक्टिकल होतं, ‘संध्याकाळपर्यंत संपेल.’ निघालं व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’, १९५५ सालचं. माणदेशातल्या धनगरवस्तीवर एक पोरसवदा मास्तर शाळा चालवायला जातो. हळूहळू ती वस्ती त्याची होते आणि शेवटी दुष्काळ तिला उठवून लावतो. गोष्ट एवढीच. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये त्यावर सिनेमा केला.

आता गंमत पाहा. खिडकीबाहेर हिरवेगार स्ट्रॉबेरीचे वाफे. महाबळेश्वरच्या या डोंगरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ढग इथंच रिकामे होतात, म्हणून याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, पाचशेच्या घरातही मारामार. एकाच जिल्ह्याची ही दोन टोकं. आणि माझी मैत्रीण हिरव्या टोकाला बसून कोरड्या टोकात शिरली होती. तासभर तिनं फोनला हात लावला नाही. मी स्ट्रॉबेरी पुढे केली, तीही तशीच राहिली.

मग एकदम पुस्तक मांडीवर उपडं ठेवून म्हणाली, ‘अगं, ही आजीची वस्ती आहे.’

तिची आजी म्हसवडकडची. अक्षरओळख नव्हती. ‘बनगरवाडी’ टीव्हीवर लागला होता, तेव्हा ही तिच्या शेजारी बसलेली. मेंढरं दिसल्यावर आजी उठून टीव्हीजवळ गेली होती आणि म्हणाली होती, ‘आपलंच शिवार हाय की गं!’ माझ्या मैत्रिणीनं पुढे एडिटिंग शिकायचं ठरवलं, त्याच्या मुळाशी कुठंतरी ती संध्याकाळ आहे.

‘पण सिनेमात जे घर होतं ते त्यांचं होतं,’ ती म्हणाली. ‘आत्ता वाचताना मास्तरची शाळा आजीच्या अंगणात भरली. तोच लिंब, तोच उखळ. मी मुद्दाम नाही आणलं, आपोआप आलं. ते घर पडून आठ वर्षं झाली, माझ्याकडे त्याचा एकसुद्धा फोटो नाहीये.’

मला घाटाखाली न सुचलेलं उत्तर तिनंच देऊन टाकलं. सिनेमा तुम्हाला तयार गाव देतो, पूर्ण, नेटकं, प्रकाशासकट. कादंबरी अर्धंच देते. ‘अंगण’ एवढा शब्द देऊन लेखक बाजूला होतो आणि उरलेलं सामान तुम्ही आपल्या घरातून आणता. म्हणून वाचायला कष्ट पडतात, म्हणून दमून आल्यावर हात रिमोटकडे जातो. आणि म्हणूनच वाचलेल्या गावात कधीकधी आपलं हरवलेलं माणूस भेटतं.

पण म्हणून मी पुस्तकाला ट्रॉफी देऊन मोकळी होणार नाही. पुस्तक आजीपर्यंत पोचलंच नसतं. तिला तिचं शिवार पडद्यानंच दाखवलं, आणि तेही नातीला शेजारी बसवून. एकत्र बघण्यातलं सुख एकट्यानं वाचण्यात नाही, हे मान्यच करायला हवं. फक्त आपल्या आठवड्यात एकाच सुखाची वर्णी लागते, दुसऱ्याला वेळच उरत नाही. तक्रार असली तर एवढीच.

जाणार असाल तर: पुण्याहून वाईमार्गे सकाळी लवकर निघा. मेणवली ऊन चढायच्या आत बघा आणि वाड्यातली चित्रं चुकवू नका. डिसेंबर ते मार्च स्ट्रॉबेरीचा सीझन. भिलारला धावत पाच घरं ‘करू’ नका, एकच घर धरा आणि एकच बारीक पुस्तक निवडा. गारठा असतो, शाल ठेवा. पुस्तक जागेवर ठेवून, काकूंना सांगून निघा. आणि त्या पुस्तकावर सिनेमा निघाला असेल तर तोही बघा, मात्र घरी येऊन, नंतर. जमलं तर आजीला शेजारी बसवून.