एकट्याचे ऐकणे

गाण्याच्या संदर्भात 'सोलो' म्हटले की एकाने गाणे आणि बाकीच्यांनी थांबणे असाच अर्थ मनात येतो. ध्वनिमिश्रणाच्या कन्सोलवर प्रत्येक चॅनेलपाशी 'सोलो'चे जे लहानसे बटन असते, ते मात्र गाण्याचे नसून ऐकण्याचे आहे. अनेक आवाजांतून एकाला वेगळे काढून ऐकण्याची ती सोय. यामाहाच्या अनेक कन्सोलांवर तर तिला 'क्यू' असे दुसरेच नाव आहे. हौशी नाटकमंडळींची ध्वनिव्यवस्था सांभाळताना हा फरक मला पाठ होता. तो खऱ्या अर्थाने कळला २००९ साली, एका संगीत नाटकाच्या प्रयोगात. आणि त्याची किंमत मोजली दुसऱ्याने.

डिजिटल कन्सोलमध्ये माईककडून आलेल्या आवाजाची पातळी आधी ठरते आणि मग तो सेकंदाला, बहुधा, ४८,००० वेळा मोजला जाऊन त्याचे आकडे होतात. हे आकडे इक्वलायझर, कॉम्प्रेसर असे टप्पे ओलांडून फेडरपाशी येतात आणि फेडर देईल त्या प्रमाणात मुख्य बेरजेत मिळतात. प्रेक्षागृहात ऐकू येते ती ही बेरीज. सोलो दाबला की त्याच आकड्यांची एक प्रत निराळ्या बेरजेकडे जाते. हिचा श्रोता एकच, हेडफोन लावून बसलेला माणूस. प्रत फेडरच्या आधी घेतली तर ते पीएफएल, नंतर घेतली तर एएफएल. पहिल्यात फेडर तळाशी असला तरी आवाज ऐकू येतो; दुसऱ्यात फेडर सोडेल तेवढाच. आकड्याची प्रत काढल्याने मूळ आकडा उणावत नाही, त्यामुळे सभागृहाला ह्या चौकशीचा पत्ताही लागत नाही.

तिसरा प्रकार आहे 'सोलो इन प्लेस'. त्यात निवडलेले चॅनेल सोडून बाकी सारे मुख्य बेरजेतच गप्प केले जातात. स्टुडिओत ह्याचा फार उपयोग होतो. आवाज आपल्या डाव्या-उजव्या जागेसकट ऐकता येतो. रिव्हर्बच्या चॅनेलला 'सोलो सेफ' केलेले असले तर त्याच्या घुमाऱ्यासकटही. प्रयोग चालू असताना मात्र हा प्रकार घातक. आणि पंचाईत अशी की बटन तेच, दिवाही तोच. ते कोणत्या रीतीने वागायचे हे सेटिंगच्या एका आतल्या पानावर ठरलेले असते.

त्या दुपारी आवाज तपासताना मीच ती रीत लावली होती, आणि बदलायला विसरलो होतो. दुसऱ्या अंकात ऑर्गनच्या माईकमधून घरघर येत असल्याची शंका आली, म्हणून मी ऑर्गनचा सोलो दाबला. हेडफोनमध्ये ऑर्गन स्वच्छ होता. पण सभागृहातल्या स्पीकरांतूनही आता एकटा ऑर्गनच वाजत होता. मुख्य भूमिकेतले अण्णा पदाच्या मध्यावर होते. वय सत्तरीचे. कान झाकलेले असल्यामुळे काय झाले ते मला ऐकू आलेच नाही. मागच्या रांगांतली डोकी वळलेली दिसली तेव्हा उमगले. तोवर पाच-सहा सेकंद गेले होते. अण्णा थांबले नव्हते. दोन पावले पुढे येऊन, छातीतला सारा दम लावून ते शेवटच्या रांगेपर्यंत गात होते. मी बटन सोडवले, पण लावलेला दम काही परत येत नाही. पुढच्या पदात त्यांना वरचा षड्ज लागला नाही.

ते विंगेत गेल्यावर मी त्यांचा फेडर खाली ओढला, सोलोची रीत पीएफएलवर आणली आणि माईक ठीक आहे ना हे बघायला त्यांचा सोलो दाबला. आधी धाप ऐकू आली. मग पाण्याचा घोट. मग शेजारी उभ्या असलेल्या नवख्या मुलीला ते हळूच म्हणाले, "माईकच्या भरवशावर राहू नकोस, बाळ. तो गेलाच तर शेवटच्या माणसाकडे बघून म्हण." त्यानंतर तोंडातल्या तोंडात त्यांनी तो हुकलेला षड्ज लावून पाहिला. तो तिथेही लागला नाही. मी सोलो काढला. माईक ठीक होता. त्यापुढचे ऐकण्याचा मला अधिकार नव्हता.

प्रयोगानंतर मी चूक कबूल केली. अण्णा मिशा काढत होते. "होय का? मला वाटलं बॅटरी गेली," म्हणाले. आणि जरा वेळाने, "ऑर्गन तरी बरा ऐकू येत होता ना?" विंगेतले ऐकल्याचे मी त्यांना सांगितले नाही.

एखादी गोष्ट नीट कळावी म्हणून तिला वेगळी काढावीच लागते. कवितेतली एक ओळ घेऊन बसणारा वाचक हेच करतो, आणि त्यात गैर काही नाही. पण वेगळे काढायचे ते आपल्या कानापुरते. त्यासाठी बाकीच्यांना गप्प करायचे नाही. आणि जे एकट्याने ऐकले ते जपून ठेवण्याची जबाबदारीही आपलीच. हे दोन्ही मी एकाच रात्री शिकलो. कुठल्याही कन्सोलवर बसलो की तिसऱ्या घंटेआधी सेटिंगचे ते आतले पान आजही मी उघडून बघतो. एकदा बघून भागत नाही, म्हणून दोनदा.