पोटोमॅककाठचे विद्यामंदिर

विद्या आणि धर्म यांनी एकाच छपराखाली नांदावे की नाही, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाही. गुरुगृही राहणाऱ्या बटूला समिधा आणणे आणि पाठ म्हणणे ही दोन वेगळी कामे वाटत नसत. पुढे शाळा निघाल्या; वर्ग शाळेत गेला, देवघर घरी राहिले, आणि दोहोंची फारकत सर्वांच्या अंगवळणी पडली. आमचा तर उभा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतीत गेला. अशा माणसाने अमेरिकेच्या राजधानीतील एका कॅथलिक विद्यापीठात आठ दिवस हिंडून जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवण्याजोगे आहे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

निमित्त असे झाले की, आमच्या धाकट्या बंधूंची कन्या जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकावयास गेली. विद्यापीठ जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी स्थापिलेले, हे कळताच घरात कुजबूज सुरू झाली. मातोश्रींचे वय आता नव्वदीकडे झुकले आहे. त्यांनी माजघरातून स्पष्टच विचारले, "पाद्र्यांच्या घरी पोर ठेवता, ती बाटली म्हणजे?" बंधू हसले, आम्हांस मात्र त्या प्रश्नाचे हसू आले नाही. म्हाताऱ्या माणसांच्या भीतीला बहुधा इतिहास असतो. गोमंतकात १५६० साली धर्मन्यायालय बसले, आणि त्याच साली श्रीमंगेशास कुशस्थळी सोडून प्रियोळास जावे लागले. अशा गोष्टी चार शतके लोटली तरी कुळाच्या स्मरणातून जात नाहीत. उलटपक्षी, गोव्यात १५७९ साली आलेला इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स याने आपल्या भाषेवर लुब्ध होऊन मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचिले व ते १६१६ साली छापून प्रसिद्ध झाले, हेही आम्ही वर्गात शिकवीत आलो. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ पासून चालवणारे पाद्रीही याच पंथाचे. तेव्हा या मंडळींविषयी मराठी मनात भय आणि आदर दोन्ही शेजारी शेजारी बसलेले आहेत. पुतणीला भेटावयाचे आणि मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी पाहून यावयाचे, असा दुहेरी हेतू धरून आम्ही निघालो.

जॉर्जटाऊन ही वस्ती वॉशिंग्टन शहराहून जुनी. ती १७५१ सालची. विटांच्या बुटक्या घरांमधून चालत गेले म्हणजे रस्ता विद्यापीठाच्या महाद्वाराशी संपतो. आत शिरताच समोर हीली हॉल नावाची करड्या दगडाची भव्य इमारत व तिचा उंच मनोरा दिसतो. तिच्यापुढे विद्यापीठाचे संस्थापक बिशप जॉन कॅरल यांचा बसलेला पुतळा आहे. त्यांनी १७८९ साली ही संस्था काढली. म्हणजे पुण्यात सवाई माधवराव गादीवर असतानाची ही गोष्ट. कोणत्याही धर्ममताच्या विद्यार्थ्यास येथे मज्जाव नसावा, हे धोरण कॅरल यांनी प्रारंभीच ठरविले होते. टेकडीच्या पायथ्याशी पोटोमॅक नदी वाहते. पलीकडे व्हर्जिनियाचा काठ दिसतो. आम्ही गेलो तेव्हा शरद ऋतू होता, आणि झाडांची पाने पळसफुलांच्या रंगाची झाली होती.

हीली हॉलच्या मागे एक चौक आहे. त्याच्या एका बाजूस डालग्रेन चॅपेल हे लाल विटांचे प्रार्थनामंदिर आहे. आपले तान्हे मूल गेल्यावर एका मातेने त्याच्या स्मरणार्थ ते बांधून दिले. त्याचे काम १८९३ साली पुरे झाले. पुत्रशोकाने देऊळ किंवा घाट बांधणाऱ्या माणसांच्या कथा आपल्याकडेही घरोघर ऐकू येतात, म्हणून की काय, त्या वास्तूत शिरताना परकेपणा वाटला नाही. सायंकाळी तेथे मिस्सा चालू होती. वाचनालयातून उठून आलेली मुले पाठीवरील पिशव्या पायांशी ठेवून मागील बाकांवर बसत. कोणी गुडघे टेकी, कोणी नुसते डोळे मिटून राही. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. कोणी आमचे नाव विचारले नाही, कोणी पत्रक हाती दिले नाही. विधी संपल्यावर मंडळी आली तशीच शांतपणे पांगली.

या सर्व व्यवस्थेस तेथे 'कँपस मिनिस्ट्री' म्हणतात. विद्यार्थ्यांच्या धर्मजीवनाची सेवा करणारे खाते, असा तिचा अर्थ घ्यावा. आम्हांस आश्चर्य वाटले ते तिच्या विस्ताराचे. कॅथलिक पाद्री आहेत हे ठीकच. पण १९६८ साली या विद्यापीठाने एका ज्यू रब्बीस आणि १९९९ साली एका मुसलमान इमामास पूर्णवेळ सेवेत घेतले. प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळींचे धर्मोपदेशकही आहेत. २०१६ साली ब्रह्मचारी व्रजविहारी शरण या हिंदू पुरोहितांची नेमणूक झाली. मुसलमान विद्यार्थ्यांसाठी सुसज्ज मशीद आहे. याच भागात मुक्तता मिळवून राहिलेल्या यारो मामूट नावाच्या मुसलमान गुलामाचे नाव तिला २०२३ साली दिले गेले. हिंदू, बौद्ध, जैन व शीख विद्यार्थ्यांसाठी 'धर्मालय' नावाचे दालन आहे. शिवाय काही धर्मोपदेशक विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतच राहतात. घरची आठवण येऊन रात्री झोप न लागणाऱ्या मुलाने दार ठोठावले, तर उघडणारे कोणी तरी असावे, हा त्यातील हेतू.

पुतणीने आम्हांस धर्मालयात आरतीसाठी नेले. पादत्राणे दाराबाहेर काढून आत गेलो. पंजाबी, गुजराथी, तमिळ अशी तीस-एक मुले जमली होती. दोन-चार गोरी मुलेही मांडी घालून बसली होती. हिंदी आरती झाल्यावर पुतणीने मराठीत गणपतीची आरती म्हटली, व इतरांनी अर्थ कळो न कळो, टाळ्यांचा ठेका धरला. प्रसादाला शिरा होता. बाहेर पडताना आम्ही तिला विचारले, "बाळे, येथे तुला कोणी येशूचे बोल ऐकविले का?" ती म्हणाली, "आप्पाकाका, ऐकविले तर! पण त्यापेक्षा जास्त वेळा मलाच विचारतात की, तुमच्या धर्मात हे असे का. उत्तर यावे म्हणून मला गीता प्रथमच नीट वाचावी लागली." हे वाक्य आम्ही मातोश्रींसाठी जपून ठेविले.

या विचारण्याचे मूळ अभ्यासक्रमात आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण 'ईश्वराचा प्रश्न' या अर्थाच्या नावाचा एक विषय घेतात. ईश्वर आहे असे सांगणारा हा विषय नव्हे. तो आहे की नाही, असल्यास कसा, आणि माणसे त्याला मानतात किंवा नाकारतात ती कशाच्या बळावर, याचा ऊहापोह त्यात करावयाचा. आस्तिक-नास्तिक दोघांनाही बाकावर सारखेच स्थान. पूर्वपक्ष पुरता मांडल्यावाचून सिद्धांताकडे वळू नये, ही आपल्या शास्त्रकारांची शिस्त ज्यांनी थोडीफार पाहिली आहे, त्यांना यात आपलेच काही भेटेल. नव्या विद्यार्थ्यांना एक रात्र शहराबाहेर नेण्याचाही प्रघात आहे. ब्ल्यू रिज पर्वतात यासाठी २०१३ पासून विद्यापीठाचे स्वतःचे चिंतनस्थान आहे. तेथे धर्माची सक्ती नाही. वरच्या वर्गातील मुले आपापल्या आयुष्यातील गोष्टी सांगतात आणि नवखी मुले ऐकतात.

या साऱ्याच्या मुळाशी संत इग्नेशियस यांची एक साधना आहे. हे गृहस्थ मूळचे शिपाई. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडून राहावे लागले, तेव्हा अंतर्मुख झाले. आणि १५४० साली त्यांच्या पंथास पोपची मान्यता मिळाली. त्यांनी नेमून दिलेल्या साधनेत मनुष्याने दिवसाकडे वळून पाहावयाचे असते: प्रथम कृतज्ञता, मग प्रकाशाची याचना, मग दिवसाची तपासणी, मग चुकल्याचा खेद आणि शेवटी उद्याचा संकल्प. आपल्या नित्यकर्मातही घडलेल्या दुरिताच्या क्षयाचा संकल्प रोज उच्चारला जातो. मुखाने म्हणणे आणि मनाने तपासणे यांत किती अंतर पडले आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता जी गोष्ट सांगावयाची, तिच्यामुळे हे सर्व वर्णन नुसत्या प्रवासवर्णनाच्या पलीकडे जाते. ज्या पंथाने जगाला रोजची आत्मतपासणी शिकविली, त्याच पंथाच्या मेरीलँड प्रांतातील पाद्र्यांनी १८३८ साली आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष-मुले १,१५,००० डॉलरला लुइझियानातील मळेवाल्यांना विकली. त्या द्रव्याचा काही भाग या विद्यापीठाचे कर्ज फेडण्यास लागला. कुटुंबांची ताटातूट करू नये, पैसा कर्जफेडीस वापरू नये, अशा अटी रोमहून आल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. विकलेल्यांपैकी पुष्कळांना याच पोटोमॅकच्या काठावरील अलेक्झांड्रिया बंदरातून जहाजाने नेण्यात आले. विक्रीपत्रातील पहिले नाव आयझॅक याचे. वय ६५, म्हणजे जवळजवळ आमच्याच वयाचा म्हातारा. ज्यांच्या नावाचा हीली हॉल, ते पॅट्रिक हीली १८७४ साली या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांची माता स्वतः गुलाम होती, आणि जन्माच्या वेळी कायद्याच्या दृष्टीने तेही गुलामच होते. आपल्या हयातीत त्यांना गौरवर्णी समजले जाई. पुण्य आणि पाप एकाच दगडी भिंतीत असे चिणलेले आहे.

ही हकीकत जाणत्या अभ्यासकांना ठाऊक होती. परंतु विद्यापीठाच्या दोन इमारतींना त्या विक्रीशी निगडित असलेल्या दोन अध्यक्षांचीच नावे होती. २०१५ साली विद्यार्थी अध्यक्षांच्या कचेरीबाहेर ठाण मांडून बसले, आणि ती नावे उतरली. १८ एप्रिल २०१७ रोजी हीली हॉलमधील गॅस्टन हॉल या सभागृहात विकलेल्यांच्या वंशजांसमोर प्रार्थनाविधी झाला व जेझुइट पंथाच्या वतीने पापाची कबुली देऊन क्षमा मागण्यात आली. त्याच दिवशी एका इमारतीस आयझॅक हॉकिन्स याचे नाव मिळाले. दुसरीला ॲन मेरी बेक्राफ्ट हिचे नाव देण्यात आले. या कृष्णवर्णी बाईने १८२० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, जॉर्जटाऊनमध्ये आपल्या वर्णाच्या मुलींसाठी शाळा काढली होती. एका जुन्या शिक्षकाने तिच्या नावापुढे थबकून नमस्कार केला, तर वाचक आश्चर्य मानणार नाहीत. २०१९ साली विद्यार्थ्यांनी आपणहून मतदान घेतले, आणि वंशजांच्या हितासाठी प्रत्येकाने दर सत्रास २७ डॉलर २० सेंट द्यावे, असा कौल सुमारे दोन तृतीयांश मतांनी दिला. २७२ या संख्येची खूण त्या रकमेत आहे. विद्यापीठाने ती फी न बसविता निराळा निधी उभारण्याचे ठरविले. आणि २०२१ साली जेझुइट पंथाने १० कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले. हे पुरेसे नाही, असे म्हणणारे वंशज आहेत. त्यांचे म्हणणे अयोग्य आहे, असे कोण म्हणेल?

हे सर्व ऐकताना आम्हांस धर्मशास्त्रातील प्रायश्चित्तप्रकरणाची आठवण झाली. पाप कशाने सुटते, हे सांगताना मनूने ख्यापन, अनुताप, तप आणि अध्ययन ही साधने सांगितली, व अडचणीच्या वेळी दान सांगितले. यांतील पहिले साधन ख्यापन, म्हणजे 'मी हे केले' असे लोकांसमक्ष उघड बोलणे, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. ते झाल्यावाचून बाकीच्यांस आरंभच होत नाही. जॉर्जटाऊनने उशिरा, आणि तेही मुलांनी हात धरून ओढल्यावर, पण ख्यापन केले. कागदपत्रे खुली करून अध्ययन चालविले, अनुताप सभेत बोलून दाखविला, दानाचा आरंभ केला. तप किती झाले, हे पुढची पिढी सांगेल.

मग मनात सहज येते की, आपल्या विद्यामंदिरांचा हिशेब कोणी मांडला आहे काय? ज्या शाळांच्या सुवर्णमहोत्सवी अंकांत संस्थापकांच्या तसबिरी दिमाखाने छापल्या जातात, त्यांपैकी कितींच्या दाराबाहेर एके काळी काही मुले उन्हापावसात बसून आतला पाठ ऐकत होती? त्यांची नावे कोणत्या हजेरीपटात सापडतील? इमारतीवरील नावे बदलणे दूरच राहो. त्या मुलांची नावे शोधून एकदा मोठ्याने वाचली, तर आपल्या धर्माचे काही उणे होणार नाही. झालाच तर तो उजळेल.

घरी परतल्यावर मातोश्रींनी पुन्हा तोच प्रश्न केला. आम्ही सांगितले की, पोर बाटली नाही. ती गीता वाचू लागली आहे. त्यांनी समाधानाने मान हलविली. विकलेल्या माणसांची गोष्टही आम्ही त्यांस सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हातातली जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, "पाद्र्यांनी कबूल केले ना, पोरांसमोर? बरे केले. आता त्या पोरीला म्हणावे, तिकडून येताना ती कबूल करण्याची विद्या तेवढी घेऊन ये."