कलाभिंत आणि बुरूज

चौकच्या टेकडीवर, धारावी किल्ल्याच्या ढासळलेल्या तटाशी उभे राहून समोर वसईची खाडी न्याहाळीत असता, मुंबई विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलात राजीव सेठी यांच्या संकल्पनेतून 2014 साली सिद्ध झालेली, तीन किलोमीटरांहून लांब अशी ती कलाभिंत आज वारंवार मनात येत राहिली. देशोदेशीच्या प्रवाशांपुढे आपल्या कारागिरांच्या सहस्रावधी कृती तेथे निगुतीने मांडल्या आहेत, याचा मला मनःपूर्वक आनंद आहे. परंतु तिकिटावाचून त्यांचे दर्शन नाही, आणि 1737–39 च्या मोहिमेत ज्याच्यासाठी मराठे पोर्तुगिजांशी झुंजले, तो उत्तनच्या कोळ्यांच्या नित्य दृष्टीतला बुरूज मात्र उन्हापावसाच्या हवाली! हा तरतमभाव मला असह्य वाटतो. झाडोरा काढणाऱ्या दुर्गप्रेमी तरुणांच्या जोडीला सरकारदफ्तरी चुन्याच्या डागडुजीची सालीना तजवीज मंजूर व्हावी.