चूक कोणाची?

प्रबंध पूर्ण झाला की सोनेरी अक्षरांची बांधीव प्रत घरी आणावी आणि आईच्या हाती द्यावी, एवढेच चित्र आम्ही दोन वर्षे डोळ्यांपुढे ठेवले होते. तो प्रबंध पाबळच्या एका कांदाचाळीत अडला.

आमचा विषय होता मानव-संगणक संवाद. माणसाला यंत्र सहज वापरता यावे म्हणून ते कसे असावे, याचा हा अभ्यास. शिरूर तालुक्यातील पाबळ अनेकांना मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक आहे. आम्हांला ओढ होती ती विज्ञान आश्रमाची. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली या अवर्षणप्रवण भागात तो उभारला. हाताने काम करीत शिकावे, हे त्यांचे सूत्र. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब आली. आपल्याला हवे ते यंत्र गावातल्या माणसाने स्वतःच घडवावे, हा तिचा हेतू. अशा गावी आपले काम पारखून घ्यावे, असे आम्हांला वाटले.

आम्ही मोबाइलसाठी एक मराठी नोंदवही तयार केली होती. साठवलेल्या उन्हाळी कांद्याला दमटपणा बाधतो. म्हणून चाळीत टांगलेल्या मापकावरचे आकडे रोज तीत भरायचे आणि शेवटी 'जतन करा' हे बटण दाबायचे. इतके साधे काम!

एका मावशींनी आकडे अचूक भरले. बटण मात्र दाबले नाही. आम्ही तक्त्यात त्यांच्यापुढे 'चूक' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी आणखी काही जणांपुढे तेच लिहावे लागले. निघताना आम्ही सहज विचारले, "मावशी, बटण का नाही दाबलंत?"

"अगं पोरी, जतन करा म्हणतंय. मग कांदा जतनच केलाय की! आणखी काय करू?"

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. ढकलायच्या दाराला ओढायची मूठ लावली तर दोष ओढणाऱ्याचा नव्हे, दार घडवणाऱ्याचा, हा डोनाल्ड नॉर्मन यांच्या १९८८च्या पुस्तकातील विचार आम्ही पहिल्याच प्रकरणात मोठ्या आदराने मांडला होता. तक्ता भरताना मात्र तो विसरलो. मावशींना शब्दाचा अर्थ ठाऊक होता. आम्हांला फक्त संगणकाचा.

मुदतीला तीन आठवडे उरले होते. 'वापरणाऱ्यांना प्रशिक्षणाची गरज आहे' असा निष्कर्ष लिहून आम्ही सुटलो असतो. तसा मोह झाला, हे लपवत नाही. अखेर मुदत वाढवून मागितली. एका सत्राचे शुल्क घरच्यांनी काटकसर करून पुन्हा भरले. 'जतन करा'च्या जागी 'लिहून ठेवा' घातले आणि पुन्हा पाबळ गाठले.

मावशींनी बटण दाबले. मग चुलीतला विझलेला कोळसा घेऊन तेच आकडे चाळीच्या खांबावरही लिहिले.

"आता हे कशाला, मावशी?"

"कोळशाला चार्जिंग लागत नाही."

त्या खांबाचे छायाचित्र आम्ही परिशिष्टात घातले आणि पहिल्या तक्त्यातील 'चूक' आमच्या नावावर मांडली. प्रत चाळताना आई नेमकी त्या छायाचित्रापाशी थांबली.

"हे अक्षर कोणाचं गं?"

"आम्हांला शिकवणाऱ्या एका बाईंचं," आम्ही म्हणालो.