खाणावळवाली

आई गेल्यावर भेटायला आलेले बहुतेक जण तिच्या हाताच्या चवीबद्दल बोलले. अन्नपूर्णा होती, माया लावली, कुणाला उपाशी ठेवलं नाही. यातलं खोटं काही नाही. पण ऐकताना मला सारखं वाटत होतं, ही माणसं अर्ध्याच बाईबद्दल बोलताहेत. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत आईने वीस-बावीस गिरणी कामगारांची खाणावळ चालवली. ती मायेवर चालली असती तर वर्षभरात बुडाली असती. ती चालली हिशेबावर.

वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाची धूळ आणि क्षय, दोन्हींनी मिळून त्यांना लवकर नेलं. ते अंथरुणावर असतानाच आईने चुलीचा पसारा वाढवला होता. शेजारच्या चाळीत आमच्या गावच्या मंडळाची खोली होती. संगमेश्वराकडचे बाप्ये तिथे वळकट्या टाकून पाळीपाळीने झोपत. एक कामावरून आला की दुसरा उठून जायचा. बायका-पोरं गावी शेतीवर. या माणसांना दोन वेळचं जेवण हवं होतं आणि आईला दोन पैसे.

सातच्या पहिल्या पाळीसाठी पहाटे स्टो पेटायचा. दुसऱ्या पाळीवाले दुपारी जेवून निघायचे आणि मध्यरात्रीनंतर परत यायचे, त्यांची ताटं झाकून ठेवलेली असायची. मधल्या वेळात भायखळ्याच्या बाजारातून भाजी, रेशनच्या रांगेतून घासलेट, गिरणीच्या दारात डबे. मासळी ती मुद्दाम उशिरा, बाजार उठता उठता घ्यायची. तेव्हा भाव पडलेला असतो आणि कोळणीला घरी जायची घाई असते. या वेळापत्रकात मी आणि माझी बहीण कुठे होतो, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. आम्ही डबे पोचवत होतो.

आईला अक्षरं येत नव्हती, आकडे मात्र चांगले यायचे. गिरणीत प्रत्येकाचा बिल्ला नंबर असायचा, तसा तिने आपल्या प्रत्येक मेंबरला नंबर दिला होता. भिंतीवर कालनिर्णय. तारखेच्या चौकोनात नंबर लिहून त्यावर फुली मारली की त्या माणसाचा त्या दिवशी खाडा. एक-दोन दिवसांच्या खाड्याचे पैसे कापले जायचे नाहीत. सलग चार दिवस झाले, आणि तेही आधी सांगून, तरच. शिमग्याला आणि गणपतीला निम्मी खोली कोकणात जायची. त्या महिन्यांची तूट ती बाकीच्या वर्षात कशी भरून काढायची, हे मी पुढे कॉमर्सला गेल्यावर कागदावर मांडून पाहिलं आणि थक्क झालो. बदली कामगारांकडून ती महिन्याचे नाही, आठवड्याचे पैसे घेई. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणी कायम कामगार आला नाही तरच आत घेणार. अशा माणसाच्या पगाराचा भरवसा काय? त्याला जेवायला घालताना तिचा हात आखडला नाही, पण उधारी तिने वाढू दिली नाही.

1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. गरिबाला कर्ज मिळणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. खाणावळवालीकडे मात्र तारण ठेवायला पितळेच्या पातेल्यांखेरीज काही नव्हतं, त्यामुळे तिची गाठ वाण्याशी आणि सावकाराशीच. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांनीच एकमेकींना जामीन राहायचं आणि बँकेचं कर्ज घ्यायचं, अशी रीत पडली. आई लगेच गेली नाही. "आधी कोण बुडवतंय ते कळू दे," म्हणाली. मग स्वतःच्या गटातल्या बायका तिने निवडून घेतल्या, नात्यातली एक तर स्पष्ट नाकारली. त्या आधी महागाईविरुद्धचा लाटणं मोर्चा गाजला तेव्हाही शेजारणी बोलवायला आल्या होत्या. "लाटणं मोर्चात नेलं तर पोळ्या कशानं लाटू?" हे तिचं उत्तर आमच्या चाळीत बरीच वर्षं सांगितलं जायचं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पहिले काही आठवडे आईने सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं. मग मासळी बंद, भाजी बंद, नुसता डाळभात. त्यानंतर तिने जे केलं त्यावर आजही नातेवाइकांत दोन तट आहेत. ज्यांची गावी शेती होती त्यांना तिने सांगितलं, गावाला जा, इथे आता ताट नाही. ज्यांना परतायला गावात काहीच नव्हतं, त्यांचं जेवण चालू ठेवलं. एकजण दारात उभा राहून तिला दगडाच्या काळजाची म्हणाला. ती आत जाऊन तांदूळ निवडत बसली. मला विचाराल तर तिच्या आयुष्यातला सर्वांत चांगला निर्णय तोच. सगळ्यांना अर्धपोटी ठेवून महिनाभरात खाणावळ बुडवणं तिला सहज जमलं असतं, आणि लोकांनी तिचं कौतुकच केलं असतं.

तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गेलेली माणसं फारशी परतली नाहीत, बाकी तर नाहीच. मोठी पातेली विकून आईने वाण्याचं देणं फेडलं, बँकेचे हप्ते फेडले, आणि मग काही वर्षं ऑफिसवाल्यांचे डबे केले.

आजी झाल्यावर तिने स्वयंपाक सोडला. सोडला म्हणजे अगदी सोडला. आमच्या डोंबिवलीच्या घरात ती सुनेच्या हातचं आवडीने जेवायची आणि रविवारी खालून मसाला डोसा मागवायची. त्यामुळे आजीच्या हातचे लाडू वगैरे आठवणी माझ्या मुलांकडे नाहीत. त्यांच्याकडे वेगळ्या आहेत. पॉकेटमनी उसना दिला की ती तारीख लिहून घ्यायची आणि त्या तारखेला पलंगावर बसून हात पुढे करायची. माझी मुलगी आज स्वतःचं दुकान चालवते. पहिल्या वर्षी तिच्या वह्या तपासल्या त्या आजीने, आकड्यांवर बोट ठेवत.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत 2012 साली निघाली. त्याच्या आधी जुने मेंबर किंवा त्यांची मुलं अर्जाचे कागद घेऊन आईकडे यायची. कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, कितव्या पाळीला होता हे तिला तोंडपाठ होतं. आम्हाला अर्ज करता येत नव्हता. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर कामगार गिरणीत नोकरीला असल्याचा पुरावा लागत होता. वडील त्याच्या कितीतरी आधी गेले होते, आणि खाणावळवालीचं नाव कुठल्याच गिरणीच्या हजेरीपटावर नसतं.