टिपणीसांचा फोटो बॅनरवर कशाला?

वाटूर फाट्यावर चहा पिता पिता २० मार्चच्या बॅनरचा विषय निघाला. आमच्यातला एक तरुण तडकलाच, "दादा, हे सुरबानाना टिपणीस कशाला? उच्चजातीय नगराध्यक्ष! त्यांचे उपकार किती दिवस मिरवायचे?"

काही वर्षांपूर्वी मीही हेच बोललो असतो. कारण माझं आजोळ. गावाचं नाव सांगत नाही. तिथले मालक मोठे बागायतदार, बरीच वर्षं सरपंच. लग्नाला ज्वारी पाठवायचे, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला स्वतःची जीप द्यायचे. आजोबा त्यांना देवमाणूस म्हणायचे. याच देवमाणसाने आमच्या वस्तीत नळ आणायचा ठराव केला. गाव कुरकुरलं, आणि मालक गप्प बसले. ठराव दप्तरातच राहिला. माझी आजी मात्र विहिरीच्या कडेला घागर घेऊन, कुणी पाणी ओततंय का याची वाट बघत म्हातारी झाली.

विलायतेतही असे मालक होतेच. जमीनदार म्हणून बिनपगारी न्यायाधीश व्हायचे आणि १८८८ च्या कायद्याने निवडून आलेली मंडळं येईपर्यंत जिल्ह्याचा कारभारही हाकायचे. रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर ब्रिटिश मुलखातल्या आपल्या शहरांतही नगरपालिकांना बळ आलं. आपला मराठवाडा निजामाकडे, इथे तेवढंही नव्हतं. पण खुर्ची इथे काय, तिथे काय, बहुतेक घरंदाजांचीच.

मग महाडचं वेगळं काय? बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर! पुढची तीन वर्षं आपला एकही माणूस तिथलं पाणी पिऊ शकला नाही. पाणी प्यायलं गेलं ते २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांच्या मागे हजारो लोक चालत गेले तेव्हा. आणि त्यासाठी लोकांनी डोकी फोडून घेतली. ४ ऑगस्टला नगरपालिकेने तोच ठराव रद्द केला. म्हणजे ठरावाची किंमत एवढीच होती का? नाही. तळं नगरपालिकेचं की खासगी, यावरच पुढे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात आपली बाजू टिकली.

टिपणीस ठराव करून घरी बसले नाहीत. ते चळवळीत राहिले, १९३७ ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. गावाची कुरकुर त्यांनाही ऐकू आली असणारच. आमच्या मालकांना ती ऐकून गप्प बसावंसं वाटलं, मला फरक दिसतो तो इथे. आजोबा असते तर या वाक्यावर माझ्यावर रागावले असते, तेही खरं.

त्या तरुणाला एवढं सांगितलं. तो म्हणाला, "फोटो ठेवू, पण खाली १९२४ लिहिलं तर ४ ऑगस्ट १९२७ पण लिहायचं."

मी हो म्हणालो. बॅनरवाल्याला दोन्ही तारखा पाठवल्यात. फोटो केवढा असावा यावर मात्र आमचं अजून भांडण चालू आहे.

जयभीम!