सोनेगावचं विमान

आंधळगावावरून विमानं पुष्कळ जातात, उतरत मात्र एकही नाही. देशाला उभी-आडवी कापत जाणाऱ्या कितीतरी विमानांची वाट नागपूरच्या आसमंतातून जाते आणि आमचं गाव नेमकं त्याच आकाशाखाली. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून आम्ही पोरं पडायचो. विमानाचा दिवा दिसला की आजोबा आत मागावर बसल्या बसल्या म्हणायचे, "सोनेगावचं असंल." ते नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणार आहे की वरच्या वर कोलकात्याला चाललंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. विमान म्हणजे सोनेगावचं.

आजोबा कोशाची लुगडी गाठोड्यात बांधून नागपूरच्या इतवारीत न्यायचे. शहराच्या दुसऱ्या टोकाचं सोनेगाव त्यांनी कधी पाहिलं नाही, पण तिथल्या रात्रीच्या विमानांचं त्यांना भारी कौतुक. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं, ते खरंच कौतुकाचंच होतं. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात एकत्र व्हायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या शहरी परत फिरायची. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला. सुरुवातीला ही सगळी धावपळ डाकोटा विमानांवर चाले. म्हणजे देशातलं एवढं महत्त्वाचं विमानतळ, पण तिथे उतरणाऱ्या बहुतेकांना नागपुरात यायचंच नसे. त्यांना फक्त विमान बदलायचं असे. नागपूर मध्यावर आहे याचा अभिमान आम्ही वैदर्भीय फार मिरवतो. मध्यावर असण्याचा हा दुसरा अर्थ कोणी बोलून दाखवत नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती प्रवासी म्हणून नव्हे. २००५ मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं आणि २००८ च्या आंबेडकर जयंतीला नवी इमारत उघडली. त्यानंतर कधीतरी मावसभाऊ नोकरीसाठी आखाती देशात निघाला, तेव्हा सुमोभर माणसं त्याला पोचवायला गेलो. तुमसर रोडला गाडीवर पोचवायला जायचं तर फलाटावर, डब्याच्या खिडकीपर्यंत, जमलं तर आत जाऊन जागा धरून देईपर्यंत जाता येतं. इथे दारातच जवानानं अडवलं. तिकीट आणि ओळखपत्र असेल तोच आत. मावशीला ते पटेना. "मी त जाग्यावर बसवून लगेच येतो ना बापा," ती त्याला समजावत होती. मग आम्ही सगळे काचेला नाक लावून उभे. इमारत मोठी नाही म्हणून बरं. वजनकाट्यापासून वरच्या मजल्याकडे वळेपर्यंत भाऊ दिसत राहिला. पुढे मी हैदराबाद आणि बंगळूरूची विमानतळं पाहिली. तिथे पोचवायला गेलेल्याला पाच मिनिटांत आपलं माणूस दिसेनासं होतं. माझ्या हिशेबी चांगल्या विमानतळाची खूण एवढीच, की पोचवणाऱ्याला शेवटपर्यंत काहीतरी दिसलं पाहिजे. हे माप कुठल्याही मानांकनात बसणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मी बंगळूरूला नोकरीला लागले आणि काचेच्या आतली झाले. आमच्या प्रवासात विमानाचा वाटा सगळ्यात छोटा. आंधळगावहून मोहाडी, वरठी, भंडारा, मग मौद्यावरून नागपूर. विमानतळ शहराच्या नेमकं पलीकडे, वर्धा रोडला, म्हणून अख्खं नागपूर ओलांडायचं. पूर्वी पारडीच्या गर्दीत जीव वरखाली व्हायचा, कारण उड्डाणाच्या तासभर आधी सामान घेणं बंद होतं. "विमान का एस्टी आहे का, हात दाखवला का थांबवाले?" बाबा ड्रायव्हरला म्हणत. २०२२ च्या डिसेंबरपासून हा त्रास गेला. भंडारा रोडवरच प्रजापती नगरला मेट्रोत बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची आणि एअरपोर्ट स्टेशनला उतरून रिक्षा करायची.

आत शिरल्यावर भांबावण्यासारखं काही नाही. खरी परीक्षा सामानाची. पोटातल्या बॅगेला पंधरा किलो, हातातल्या पिशवीला सात. निघताना माय ओटी भरते, त्यात खोबऱ्याची वाटी असतेच. आणि सुकं खोबरं विमानात चालत नाही, हातातल्या पिशवीत नाही आणि पोटातल्या बॅगेतही नाही. त्यात तेल भरपूर. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून त्याची गणना धोकादायक मालात. देवाधर्माला लागणारी ही वाटी ज्वालाग्राही आहे, हे मायला सांगायला मी विज्ञानाची पदवी घेतली नव्हती. आता ती ओटी भरते, मी नमस्कार करते, आणि वाटी तिथल्या तिथे काढून तिच्याच हातात देते. तांदूळ आणि हळकुंडाला कोणाची हरकत नाही.

कोसा मात्र मी कधीच खाली टाकत नाही. करवतकाठी साडी वजनाला हलकी, हातातल्या पिशवीत सहज मावते. तिच्या काठावरचे करवतीचे दाते साधायला विणकर तीन धोटे चालवतो आणि मागावर दिवसचे दिवस काढतो. क्ष-किरणांच्या यंत्रातून ती पिशवी काही सेकंदांत पार होते. मोबाइलच्या चार्जरकडे तिथे दोनदा बघतात, साडीकडे एकदाही नाही. पडद्याआड तपासणी करणाऱ्या जवान बाईंनी एकदाच उघड्या पिशवीकडे बघून विचारलं, "ये कौन सा सिल्क है?" मागे रांग होती, तरी मी सांगितलं. ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचा कोष, आमच्या गावचा माग, सगळं.

आता आमच्याकडून गोंदियाचं बिरसीही फार लांब नाही. दुसऱ्या महायुद्धातली ती धावपट्टी. १ डिसेंबर २०२३ पासून तिथून हैदराबादमार्गे तिरुपतीचं विमान सुरू झालं. मायची तिरुपतीची इच्छा जुनी. मी म्हटलं, बिरसीहून जाऊ, गर्दी नाही, मेट्रो बदलायची कटकट नाही. तिनं साफ नाही म्हटलं. मेट्रो चितार ओळ चौकात थांबते, तिथून इतवारी जवळ, आणि व्यापाऱ्याकडे मागच्या दोन साड्यांचे पैसे अडकलेत. ते वसूल करूनच ती विमानात बसणार आहे.